तिसऱ्या मजल्यावरचं आरएफ ग्राउंड: फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हॅमसाठी क्रमवार मार्गदर्शन

फ्लॅटमध्ये पहिल्यांदा रेडिओ लावणारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर, एक चूक हमखास करतो. लायसन्स येतं, सेट येतो, बाल्कनीबाहेर तार लागते आणि मग सेटच्या पाठीमागचा ‘ग्राउंड’ लिहिलेला स्क्रू नजरेला पडतो. त्याला तो हिरवी तार बांधतो, दुसरं टोक खिडकीतून खाली सोडतो आणि सोसायटीच्या बागेत ठोकलेल्या सळईला जोडून मोकळा होतो.

मीही तेच केलं होतं. माझा फ्लॅट म्हापशात, खाली पार्किंग आणि वर तिसरा मजला. तार साडेदहा मीटर भरली. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) ५० वॉटने बोलायला गेलो तर माइकची जाळी ओठाला चटके देऊ लागली, कॉम्प्युटरचं यूएसबी तुटायला लागलं आणि हॉलमधला रिमोटचा पंखा आपोआप बंद पडला. सळई नीट बसली नसेल असं समजून मी शेजारी दुसरी सळई ठोकली. फरक शून्य. तो पडणारच नव्हता, कारण दोष मातीत नव्हता, तारेच्या लांबीत होता.

सरळ तारेत मीटरमागे किमान १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा विरोध, धरावा लागतो. घरच्या ५० हर्ट्झ विजेला तो ओहमच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतका अडथळा करतो, म्हणजे काहीच नाही. ७ मेगाहर्ट्झला तीच एक मीटर तार ४४ ओहम अडवते. त्यात माझी तार त्या बँडच्या पाव वेव्हलेंग्थइतकी होती. पाव वेव्हलेंग्थ तारेचं खालचं टोक जमिनीला घट्ट जोडलं की वरच्या टोकाला जवळजवळ उघडं सर्किट दिसतं. अर्थिंग जितकं चांगलं, तितकं वरचं टोक जास्त उघडं. सेटच्या दृष्टीने मी काहीच जोडलं नव्हतं. उलट इमारतीच्या भिंतीला चिकटलेली दुसरी अँटेना लावली होती, आणि ती सगळ्या शेजाऱ्यांच्या वायरिंगजवळून खाली उतरत होती.

तिसऱ्या मजल्यावर आरएफ ग्राउंड, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या करंटसाठी लागणारं ग्राउंड, मातीत मिळत नाही. ते वरच, अँटेनाच्या पायाशी, तारेने तयार करावं लागतं. ते कोणत्या क्रमाने करायचं ते खाली देतो. क्रम बदलू नका. बहुतेकांची गाडी अडते ती पाचवा टप्पा आधी केल्यामुळे आणि दुसरा कधीच न केल्यामुळे.

आधी शब्दांचा घोळ मिटवा

‘अर्थिंग’ या एका शब्दात तीन वेगळी कामं मिसळली गेली आहेत.

पहिलं घरच्या विजेचं अर्थिंग. सेटच्या पेटीत फेज उतरला तर करंट सुरक्षित वाटेने जावा आणि आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडावा, एवढंच त्याचं काम. दुसरं विजेपासून, म्हणजे आकाशातल्या विजेपासून संरक्षण. गच्चीवरून खाली जाणारी जाड पट्टी त्यासाठी असते. तिसरं आरएफ ग्राउंड. अँटेनाच्या एका बाजूला जितका करंट जातो तितकाच परतीच्या बाजूला यावा लागतो आणि त्याला सोपी वाट मिळावी लागते. ही वाट मातीतूनच गेली पाहिजे असं काही नाही.

एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की एक तर रेडिओ बिघडतो किंवा माणसाच्या जिवाला धोका होतो.

सावधान: आरएफ ग्राउंड केलं म्हणून सेटच्या पॉवर सप्लायची अर्थ पिन कधीही तोडू नका. ‘अर्थ काढला की आवाज कमी येतो’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. न्यूट्रलला काहीही जोडायचं नाही. गॅसच्या पाइपला तर हातही लावायचा नाही.

टप्पा १: तुम्हाला आरएफ ग्राउंड लागतं का, ते ठरवा

सगळं काम वाचू शकतं ते इथे. डायपोल अँटेनाला दोन सारखे हात असतात, परतीचा करंट दुसऱ्या हातात जातो. त्याला वेगळं ग्राउंड लागत नाही. छोट्या मॅग्नेटिक लूपलाही, म्हणजे कड्यासारख्या बंद अँटेनालाही, लागत नाही. म्हणून दीड-दोन मीटरची बाल्कनी असलेल्या माणसाला मी आधी लूपच सुचवतो. (लूपच्या कंडेन्सरवर १०० वॉटला हजारो व्होल्ट येतात. लहान मुलं असतील त्या घरात तो बाल्कनीत हाताशी ठेवू नका.)

ग्राउंड लागतं ते एका बाजूच्या अँटेनांना: बाल्कनीतून तिरका काढलेला व्हिप (दांडीची अँटेना), ९ ला १ अनअनवर (जुळणीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर) चालणारी वाटेल त्या लांबीची तार, ट्यूनरला (सेट आणि अँटेना जुळवणाऱ्या पेटीला) थेट जोडलेली लांब तार. अर्ध्या वेव्हलेंग्थची एंड-फेड तार, म्हणजे ४९ ला १ ट्रान्सफॉर्मरवाली, थोडक्यात भागवते. तिला वेव्हलेंग्थच्या सुमारे पाच टक्के लांबीची परतीची तार पुरते. ७ मेगाहर्ट्झला ती दोन मीटरच्या आसपास होते. तिला ग्राउंड लागतच नाही असं म्हणतात ते मात्र खरं नाही. तुम्ही तार दिली नाहीत तर ती कोॲक्सची (सेट ते अँटेना जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळी वापरते, आणि कोॲक्स तुमच्या टेबलावर येते.

फक्त ऐकणाऱ्यांनी दुसरा, तिसरा आणि सातवा टप्पा केला तरी पुष्कळ झालं.

टप्पा २: घरच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन जिवंत आहे का पाहा

पॉवर सप्लायच्या पेटीला किंवा सेटच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. त्यावर लोक रेडियल (अँटेनाच्या पायाशी पसरलेल्या तारा) टाकून बघतात. तो उपाय नाही. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पेटीला छोटे कंडेन्सर जोडलेले असतात. प्लगची अर्थ पिन मेलेली असेल तर पेटी त्या दोघांच्या मधोमध तरंगते, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर. करंट थोडा असतो म्हणून झटक्याऐवजी झिणझिण्या येतात. हा विजेच्या अर्थिंगचा दोष आहे.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ मोजा. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे यावेत, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. फेज ते अर्थ फारच कमी आला किंवा सारखा हलत राहिला तर अर्थ तुटलेला समजा. आकडा बरोबर आला तरी अर्थ पुरेसा मजबूत आहे हे सिद्ध होत नाही. तेवढ्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याला इमारतीच्या अर्थ पिटचा रोधही मोजायला सांगा. आपल्याकडची जांभ्याची जमीन मे महिन्यात वाळून कोरडी ठणठणीत होते, तेव्हाचा आकडा खरा. पावसाळ्यात मोजलेला आकडा मनाचं समाधान करतो, एवढंच.

तपासा: आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का? नसेल पडत तर पुढे जाऊ नका.

स्वतःची वेगळी सळई ठोकून सेट तिला जोडायची आणि इमारतीच्या अर्थला ती जोडायची नाही, हाही मोह होतो. जवळपास वीज पडली की दोन अर्थांमध्ये प्रचंड फरक पडतो आणि तो सेटमधून वाट काढतो. सळई ठोकायचीच असेल तर ती इमारतीच्या अर्थिंगला जाड तारेने बांधलेली हवी, आणि ते काम आपलं नव्हे. सोसायटीची परवानगी, इलेक्ट्रिशियन आणि आयएस ३०४३ या मानकाप्रमाणे काम, हाच रस्ता.

टप्पा ३: आधी कान द्या

सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. सात अँपियर-तासाची छोटी बॅटरी ऐकण्यापुरती पुरते. ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा शोधा, एस-मीटरचा (सेटवरच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा लिहून ठेवा, मग घरचा मेन स्विच बंद करा. आकडा खाली आला तर गोंगाट तुमच्याच घरात आहे. सगळे एमसीबी खाली करून मेन चालू करा आणि एकेक वर घ्या. माझ्याकडे गुन्हेगार निघाला वॉटर प्युरिफायरचा अडॅप्टर. इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, वायफाय राउटरचा अडॅप्टर हे नेहमीचे. चवथीच्या दिवसांत मखराच्या एलईडी माळा सुरू झाल्या की संपूर्ण इमारतीचा आकडा वर चढतो. त्या काळातल्या नोंदी प्रमाण धरू नका.

हे आधी करायचं कारण साधं आहे. घरचं वायरिंग गोंगाटाने भरलेलं असेल आणि तुम्ही विजेची अर्थ तार आरएफ ग्राउंड म्हणून वापरलीत, तर तो सगळा गोंगाट अँटेनाच्या पायाशी आणून सोडता. बोलतानाही तीच तार तुमची पॉवर शेजारच्या पंख्यात पोचवते.

टप्पा ४: टेबलामागे तांब्याची पट्टी

सेट, पॉवर सप्लाय, ट्यूनर, कॉम्प्युटरची पेटी, सगळ्यांचं शरीर एकाच पातळीवर राहायला हवं. टेबलाच्या मागच्या कडेला चार-पाच सेंटीमीटर रुंदीची तांब्याची पट्टी लावा. प्रत्येक उपकरणापासून तिच्यापर्यंत आखूड, शक्यतो अर्ध्या मीटरच्या आतली जोडणी करा.

पट्टी रुंद का, याचंही कारण आहे. ७ मेगाहर्ट्झला करंट तांब्याच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागापर्यंतच शिरतो. जाडीचा उपयोग नाही, रुंदीचा आहे. त्यामुळे पातळ तांब्याचा पत्रा जाड गोल तारेपेक्षा सरस ठरतो.

विणलेली जाळीची पट्टी अनेकजण वापरतात. घरात, कोरड्या जागी चालते. बाल्कनीत नको. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या हवेत तिचा प्रत्येक धागा हिरवा पडतो आणि धाग्याधाग्यात रोध येतो. मिरामार, दोना पावला, कोलवा या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

या पट्टीचं काम सगळी उपकरणं एका पातळीवर ठेवण्याचं. ती आरएफ ग्राउंड नव्हे. पुढच्या टप्प्यात हा फरक लक्षात ठेवा.

टप्पा ५: काउंटरपॉइज कापा

आता मुख्य काम. पाव वेव्हलेंग्थची तार, दुसरं टोक हवेत मोकळं सोडलेली, तिच्या जवळच्या टोकाला अगदी कमी रोध दाखवते. खालच्या सळईला जोडलेल्या तारेच्या बरोबर उलट. हेच तुमचं आरएफ ग्राउंड, आणि या तारेलाच काउंटरपॉइज म्हणतात.

लांबी काढण्यासाठी ७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं.

७.१ मेगाहर्ट्झ: १०.०४ मीटर
१४.२ मेगाहर्ट्झ: ५.०२ मीटर
२१.२ मेगाहर्ट्झ: ३.३६ मीटर
२८.४ मेगाहर्ट्झ: २.५१ मीटर

या आकड्यांपेक्षा तीन-चार टक्के लांब कापून सुरुवात करा. प्लॅस्टिकच्या आवरणाची तार आणि खाली लोखंडी सळयांचा स्लॅब असल्याने शेवटची लांबी बहुधा आकड्यापेक्षा कमीच येते. कापलेली तार जोडता येते, पण जोड नकोच.

१ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायरिंगची तार उत्तम. महाग तार लागत नाही.

प्रत्येक बँडला वेगळी तार, एकाला अपवाद. ७ मेगाहर्ट्झची तार २१ ला पाऊण वेव्हलेंग्थ होते आणि चालते. तीच तार १४ ला अर्धी वेव्हलेंग्थ होते आणि अजिबात चालत नाही. अर्ध्या वेव्हलेंग्थची मोकळी तार उघडं सर्किट दाखवते. १४ ची तार २८ ला याच कारणाने निरुपयोगी. ‘४० वर छान चालतं, २० वर माइक चावतो’ (४० मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झ, २० मीटर म्हणजे १४) अशी तक्रार ज्यांची आहे त्यांनी आधी हे बघावं.

तार कुठे जोडायची? इथे सर्वाधिक घोळ होतो. ती अँटेनाच्या फीड पॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला मिळते तिथे, जोडायची: अनअनच्या ग्राउंड टर्मिनलला, व्हिपच्या बुडाच्या ब्रॅकेटला. अँटेना बाल्कनीत आणि काउंटरपॉइज आतल्या सेटच्या स्क्रूला असं केलंत, तर परतीचा करंट मधल्या कोॲक्सच्या जाळीवरूनच प्रवास करतो आणि तुम्ही त्याला निमंत्रण देऊन खोलीत आणता. तार थेट ट्यूनरपासून सुरू होत असेल तर मात्र ट्यूनर हाच फीड पॉइंट, आणि काउंटरपॉइज त्याच्याच टर्मिनलला.

टप्पा ६: तार फिरवा

दहा मीटर सरळ जागा फ्लॅटमध्ये कोणाकडे नसते. बाल्कनीतून हॉलच्या स्कर्टिंगवरून पॅसेजमध्ये, असं कोपऱ्यांवरून वळवलेलं चालतं. उलट फिरवून स्वतःलाच समांतर आणलेलं चालत नाही. उरलेल्या तारेचं भेंडोळं करून सोफ्यामागे टाकणं तर मुळीच चालत नाही. भेंडोळं ही कॉइल होते आणि सगळा हिशोब बिघडतो. उरली तर कापा.

विजेच्या वायरिंगपासून फूटभर तरी दूर ठेवा. जमत असेल तर एका बँडला दोन तारा विरुद्ध दिशांना टाका. करंट वाटला जातो आणि स्लॅबमधलं नुकसान कमी होतं. खिडकीबाहेर, भिंतीपासून हातभर अंतरावर आडवी धरलेली तार फरशीवरच्या तारेपेक्षा नेहमी चांगली.

सावधान: काउंटरपॉइजचं मोकळं टोक म्हणजे सर्वांत जास्त व्होल्टेजची जागा. ५० वॉटलाही तिथे बोट लागलं तर भाजतं. टोकावर दोन थर हीट-श्रिंक चढवा, ते पडद्यापासून, पलंगापासून आणि मुलं खेळतात त्या कोपऱ्यापासून दूर संपवा.

बाल्कनीची ग्रील वापरू का, हा प्रश्न येतोच. स्टीलची, अखंड वेल्ड केलेली ग्रील असेल तर जरूर प्रयत्न करा. आधी मल्टिमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोध मोजा. एक ओहमच्या आत हवा. रंग खरवडून धातू उघडा करा, स्टेनलेस होज क्लॅम्पने घट्ट धरा, वरून सिलिकॉन. ॲल्युमिनियमच्या ग्रीलला उघडं तांबं थेट लावू नका. खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात तो सांधा खाल्ला जातो. मध्ये कथिल चढवलेली लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची चकती) किंवा स्टेनलेस वॉशर घाला. जुनी, सांध्यासांध्यात गंजलेली लोखंडी ग्रील मात्र सोडून द्या. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो, तुमच्याच सिग्नलपासून नको त्या फ्रिक्वेन्सी तयार करतो आणि शेजारच्या टीव्हीत पाठवतो. ग्रील पाव वेव्हलेंग्थची नसतेच, म्हणून तिच्यासोबत कापलेली तारही लावायची.

पाण्याच्या पाइपावर वेळ घालवू नका. नव्या इमारतींत ते प्लॅस्टिकचे. जुन्या इमारतीत जीआयचे असले तरी दुरुस्तीत मध्येच एखादा तुकडा प्लॅस्टिकचा बसलेला असतो, आणि नसला तरी तो पाइप तुमचा आरएफ सगळ्यांच्या नळांपर्यंत नेतो. कॉलम फोडून सळई उघडी करण्याचा विचारही नको. समुद्राजवळच्या इमारतीत उघडी सळई गंजते, फुगते आणि सिमेंट उडवते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या डोक्यावर बहुतेकदा गच्चीवर टाकलेलं पत्र्याचं छप्पर असतं. ते मोठं ग्राउंड वाटतं, पण रंगवलेले पत्रे नुसत्या स्क्रूवर एकमेकांना विजेच्या दृष्टीने नीट जोडलेले नसतात. त्याला भोक पाडू नका. जूनमध्ये ते गळेल आणि सोसायटीत तुमची अँटेना कायमची बंद होईल. छपराच्या कडेवर, पत्र्यापासून थोडं वर, इन्सुलेटरवर कापलेल्या तारा धरा. गच्चीवर लोखंडी मास्ट उभा केलात तर तो इमारतीच्या वीजरोधक पट्टीला बांधून घ्यायचं काम मात्र जाणकाराकडून करून घ्या.

सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीतून तार आत आणताना फ्रेममध्ये चिमटू नका. खिडकीच्या उंचीची दहा सेंटीमीटर रुंद ॲक्रिलिकची पट्टी कापून चौकटीत उभी बसवा, तिला भोक पाडून तारा काढा, खिडकी तिच्यावर सरकवून लावा. बाहेरच्या बाजूने तारेला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं, आत येत नाही.

टप्पा ७: कोॲक्सवर चोक

काउंटरपॉइज कितीही चांगला असो, थोडा करंट कोॲक्सच्या बाहेरून खोलीकडे निघतोच. त्याची वाट अडवायला फेराइटचा चोक. २४० आकाराच्या, मिक्स ३१ (फेराइटचा एक प्रकार) च्या रिंगवर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे १२ वेढे घाला. ७ मेगाहर्ट्झला काही हजार ओहमचा अडथळा मिळतो. मिक्स ४३ वरच्या बँडांना चांगला, ७ लाही चालतो.

एक चोक फीड पॉइंटला, दुसरा कोॲक्स खोलीत शिरते तिथे. एंड-फेड तारेत कोॲक्सच काउंटरपॉइज म्हणून वापरत असाल तर पहिला चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटून नको, ठरवलेली लांबी सोडून पुढे.

कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसमधून काढलेली पिवळी-पांढरी रिंग इथे वापरू नका. ती फेराइट नव्हे, लोखंडाच्या भुकटीची असते आणि चोक म्हणून जवळजवळ काही करत नाही. फुकट मिळते म्हणून बऱ्याच शॅकमध्ये (हॅमच्या रेडिओ खोल्यांत) मी ती पाहिली आहे. कोॲक्सचं नुसतं भेंडोळंही एखाद्याच बँडला थोडंफार काम करतं.

टप्पा ८: करंट मोजून तार जुळवा

एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणाऱ्या मीटरवर) विसंबून ग्राउंड जुळवणं ही पुढची मोठी चूक. वाईट ग्राउंडमध्येही एसडब्ल्यूआर सुरेख येऊ शकतो, कारण नुकसानाचा रोध मिळून ५० ओहम जवळ येतात. पॉवर तेव्हा स्लॅब तापवत असते. काउंटरपॉइजमधला करंट मोजायला हवा, आणि त्याचं मीटर घरीच बनवता येतं.

केबलवर बसणारी, उघडमिट होणारी फेराइट क्लिप घ्या. तिच्या एका बाजूवर पातळ एनॅमल तारेचे १० वेढे घाला. दोन टोकांमध्ये ५० ओहमच्या जवळचा अर्धा वॉटचा रेझिस्टर. पुढे १एन३४ए किंवा १एन५७११ डायोड, मग ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्याच्यावर मल्टिमीटर डीसी व्होल्टमध्ये. क्लिप तारेभोवती लावली की झालं. खरे अँपियर कळत नाहीत, पण जास्त-कमी कळतं आणि आपल्याला तेवढंच हवं.

आता सेट १० वॉटवर, कॅरियर (आवाजाशिवायचा नुसता सिग्नल) पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐकून. क्लिप काउंटरपॉइजच्या फीड पॉइंटजवळच्या टोकाला. आकडा लिहा. मोकळ्या टोकाकडून पाच सेंटीमीटर कापा, पुन्हा मोजा. आकडा वाढत जाईल, मग एका जागी थांबून उतरायला लागेल. उतरायला लागला की थांबा. दर वेळी ट्रान्समिट बंद करूनच तारेला हात लावायचा.

तपासा: हीच क्लिप आता कोॲक्सवर, चोकच्या खोलीकडच्या बाजूला लावा. काउंटरपॉइजच्या तुलनेत इथे आकडा नगण्य हवा. नसेल तर चोक कमी पडतोय किंवा काउंटरपॉइज चुकीच्या जागी जोडला आहे.

एकाच तारेवर अनेक बँड चालवायचे असतील किंवा दहा मीटरची जागाच नसेल, तर तारेत सुरुवातीलाच कॉइल आणि व्हेरिएबल कंडेन्सर सिरीजमध्ये टाका. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग कंडेन्सर उत्तम, एका भागात साधारण ३५० ते ५०० पिकोफॅरड असतात. ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपावर ५ सेंटीमीटर लांबीत २० वेढे घातले की १३-१४ मायक्रोहेन्री होतात. चार-चार वेढ्यांवर टॅप काढा. क्लिपचा आकडा सर्वाधिक येईपर्यंत टॅप आणि गँग फिरवा. बँड बदलला की पुन्हा. हे सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या बटणासह ठेवा, कारण गँगच्या दोन्ही टोकांवर ट्रान्समिट करताना आरएफ व्होल्टेज असतं.

टप्पा ९: पॉवर हळूहळू चढवा

५ वॉट, १०, २५, ५०. प्रत्येक पायरीला तीन गोष्टी पाहा.

सेटच्या बॉडीवर तळवा ठेवा, कोॲक्स मुठीत धरून हात सरकवा. एसडब्ल्यूआर हलला तर कोॲक्सवर करंट आहे, टप्पा ७ कडे परत. सेटमधला मॉनिटर चालू करून स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐका. घोगरा, तुटक येत असेल तर आरएफ माइकमधून शिरतोय. घरभर फिरून पंखे, एलईडी, राउटर, आरसीसीबी बघायला घरच्या कोणाला तरी उभं करा. रिमोटचे पंखे फारच हळवे असतात. फक्त एखादंच उपकरण त्रास देत असेल तर ग्राउंडशी झगडू नका, त्या उपकरणाच्या तारेवर फेराइटचे पाच-सहा वेढे घाला.

शेजाऱ्यांना स्वतःहून विचारा. खालच्या आणि वरच्या मजल्यावर जाऊन ‘तुमच्याकडे काही बंद पडतंय का’ असं विचारलेलं, तक्रारीनंतर विचारण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

टप्पा १०: पावसाच्या आधी आणि नंतर

गोव्यात गडगडाट एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये सर्वाधिक असतो. दूरवर गडगडलं की कोॲक्स सेटपासून काढा. नुसती काढून टेबलावर ठेवू नका. तिचं टोक खिडकीच्या पट्टीबाहेर सोडा किंवा थेट बाल्कनीत न्या. काउंटरपॉइज फीड पॉइंटवरच असल्याने तो सेटला जोडलेला नसतो, हा त्या मांडणीचा आणखी एक फायदा. पॉवर सप्लायचा प्लगही उपसा. हे करायला उशीर झाला आणि वीज डोक्यावर आली असेल, तर कशालाही हात लावू नका.

मेच्या शेवटी बाहेरचे सगळे सांधे उघडा, खरवडा, पुन्हा घट्ट करा आणि त्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप, वरून पीव्हीसी टेप. अनअनच्या डब्याला तळाशी दमट हवा बाहेर जाण्यासाठी दोन मिलिमीटरचं भोक ठेवा. पूर्ण बंद डब्यात पाणी साचतं.

काउंटरपॉइजच्या करंटचा आकडा, बँड, पॉवर आणि तारीख लॉगबुकच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. ऑक्टोबरात तोच सेट, तेच १० वॉट, तीच क्लिप लावून पुन्हा मोजा. आकडा पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरला असेल तर तार कापायची नाही. आधी ग्रीलवरचा क्लॅम्प आणि अनअनची लग उघडून बघा, हिरवं तिथेच सापडतं.